घोडीचा दमा: औषध मिळालं, धूळ हटेना

निदान सरळ झालं. माझी घोडी प्रौढ वयाची, ताप नाही, पण उभ्या जागी धाप. विश्रांतीत घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात, हिचे कितीतरी जास्त. श्वास सोडताना पोट दोनदा आवळायचं, बरगड्यांमागे स्नायूंची रेघच उमटली होती. डॉक्टरांनी फुफ्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलं आणि तपासलं. न्यूट्रोफिल, म्हणजे दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २५ टक्क्यांच्या वर, म्हणजे तीव्र दमा. स्टेरॉइड सुरू झालं, उतारही पडला.

अडलं ते पागेच्या ऑफिसात. डॉक्टरांनी लेखी दिलं होतं: कोरडं गवत बंद, पेंढ्याचा बिछाना बंद, घोडी होईल तितकी बाहेर. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, बाकीच्या घोड्यांना काही होत नाही ना?" मग अर्ज करा. मग समितीपुढे ठेवू. मग बैठकच पुढे ढकलली. शेवटी परवानगी आली ती फक्त हिच्या ठाणापुरती! शेजारच्या ठाणात तेच बुरसट गवत झटकलं जायचं, माळ्यावर गंजी तशीच, आणि झाडलोट घोडी आत असतानाच. हवा सगळ्यांची एकच. बुरशीचे कण भिंत बघून थांबतात का? घोडीला औषध द्यायचं आणि आजाराचं कारण रोज सकाळी खराट्याने उडवायचं, याचा मला आजही संताप येतो. स्टेरॉइड वाढवत नेणं हा मार्ग नाही, त्यात खुरांच्या आत दाह होण्याचा धोका असतो.

म्हणून सांगते, डॉक्टरांच्या पत्रात "एकाच छताखालच्या सगळ्या ठाणांचा चारा आणि बिछाना" असं स्पष्ट लिहून घ्या. गवत पूर्ण बुडवून भिजवा आणि ओलं असतानाच खायला घाला, वाळलं की धूळ परत उडते. हो, आणि तोंडावाटे द्यायचं स्टेरॉइड प्रेडनिसोलोनच हवं. प्रेडनिसोन घोड्याच्या आतड्यातून नीट शोषलं जात नाही, दुकानात नावं तपासूनच घ्या. काही घोड्यांचा दमा उलट कुरणावरच, गरम दमट दिवसांत बळावतो, म्हणून बाहेर काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

माझी घोडी आता उघड्या शेडखाली राहते आणि बिनधाप चालते. दमा मुळापासून जात नाही, म्हणून श्वास रोज मोजते. माळ्यावरची गंजी हलवण्याचा अर्ज मात्र अजून समितीकडेच आहे, आणि मी तो मागे घेणार नाही.