रोडग्यांच्या पंगतीला जाताना

डिसेंबर लागला की नागपुरात सुटीच्या दिवशी कुणाच्या तरी गच्चीवर, अंगणात नाहीतर शेतावर गोवऱ्या पेटतात. रोडगे म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वर तुपाची धार. अशा जेवणाचं बोलावणं आलं की कपाट उघडण्याआधी एकच विचारून घ्या: बसायचं कुठे? पंगत बहुधा सतरंजीवर असते आणि तासभर मांडी घालून बसावं लागतं. ज्याला नीट बसता येत नाही त्याच्यासाठी यजमान खुर्ची शोधत फिरतो, ज्याला थंडी वाजते त्याच्यासाठी घरातली शाल निघते, आणि तिकडे रोडगे करपतात.

घट्ट जीन्स मांडी घातली की पोटावर आणि गुडघ्यामागे काचते, पोट भरल्यावर तर फारच. सैल सलवार किंवा सुती पायजमा बरा. साडी नेसायची तर सुती नेसा, परकराचा नाडा नेहमीपेक्षा बोटभर सैल बांधा आणि निऱ्या घोट्याच्या जरा वर ठेवा, म्हणजे गच्चीचा जिना चढताना काठ पायात येत नाही. करवतकाठी कोसा, म्हणजे काठाची रेशमी साडी, मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला राखून ठेवावा. धूर आणि तूप त्याला सोसत नाही. नायलॉन-जॉर्जेटची ओढणी तर आगीजवळ नकोच. सुताला ठिणगीने भोक पडतं, पण हे कापड वितळून कातडीला चिकटतं.

थंडीचा अंदाज इथेच चुकतो. संध्याकाळी सातला स्वेटर नकोसा वाटतो आणि दहाला दात वाजतात, कारण आभाळ निरभ्र असलं की उघडी गच्ची झपाट्याने गार होते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तसं दरवर्षी होत नाही, पण एकाच जाड जॅकेटवर भागत नाही: शेकोटीजवळ घाम फुटतो, काढलं की हुडहुडी भरते. आत सुती, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, हाताशी शाल आणि कानाला रुमाल, एवढं पुरतं. चपला दाराशी काढाव्या लागतात आणि फरशीचा गारवा सतरंजीतून वर येतो, म्हणून मोजे घाला.

आता वेळेचं. कणकेच्या लहान पोळ्या तेल लावून एकात एक गुंडाळून रोडग्याचा गोळा होतो आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पाऊण ते एक तास भाजतो. राख पुसून तो गरमच फोडायचा असतो. गार झाला की वरचं कवच दगडासारखं कडक होतं. सातला बोलावलं असेल तर सव्वासातपर्यंत पोचा. आणखी कुणाला आणणार असाल तर आदल्या दिवशीच सांगा, कारण रोडगे माणशी दोन-तीन असे मोजून वळतात. वांगं चालत नाही, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हेही तेव्हाच. ताटावर बसल्यावर सांगितलं तर बिचाऱ्या घरच्यांना काही सुचत नाही.

हातात काही न्यायचं तर संत्री न्या, या दिवसांत आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या पिकाची, मिळतात. घेताना फळ हातावर तोलून पाहा. साल सैल असावी, पण फुगून पोकळ वाटत असेल तर आतल्या फोडी कोरड्या निघतात. खव्याची मिठाई किंवा केक नेऊ नका. त्या दिवशी त्या घरच्या फ्रिजमध्ये जागा नसते.

वांग्याची भाजी झणझणीत असते, आधी चमचाभरच घ्या. रोडगा कुस्करून मध्ये खळगा करा, त्यात तूप, मग वरण. आग्रह होणारच, तेव्हा पहिल्याच वाढीला “अर्धाच द्या” म्हणा. ताटात टाकून उठण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तूप सांडलं तर पाण्याने चोळू नका, डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा आणि झटका. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, ते साबणातल्या क्षारामुळे होतं. साबण धुऊन कपडा उन्हात वाळवला की डाग फिका पडतो.

मदत करायची असेल तर “काही करू का?” असं मोघम विचारू नका, “पाणी वाढतो” म्हणून तांब्या उचला. न विचारता स्वयंपाकघरात शिरू नये. दहानंतर गच्चीवरचा आवाज कमी करा. स्पीकरला तर नियमानेच बंदी आहे, आणि खालच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झोपायचं असतं. निरोप घेतला की निघा. फाटकाशी अर्धा तास गप्पा रंगतात आणि यजमान तेवढा वेळ स्वेटरशिवाय थंडीत उभा असतो.

उरलेले रोडगे डब्यात दिले तर घ्या. दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणी दिली की छान लागतात. डबा आठवड्याच्या आत परत करा, घासून, आणि रिकामा नको. दोन संत्री तरी घाला.