लाल नको म्हणते ती

लग्नाच्या वाढदिवसाला मी यवतमाळहून शिराझ या लाल वाईनची बाटली आणली (नागपूरला चॉईस जास्त, पण वाटेत वर्धा जिल्हा लागतो अन् तिथं १९७४ पासून दारूबंदी, कोण बापा त्या भानगडीत पडंल). घरी पाटवडीचा रस्सा होता. स्टीलच्या पेल्यात ओतून दिली, तिनं एक घोट घेतला अन् तोंड असं केलं जसं कच्चं जांभूळ चावलं. "काहून हो, हा तर काढा हाय!" वरून रस्सा भुरकला तर डोळ्यांतून पाणीच. बाकीची बाटली मी एकट्यानं पुरवून पुरवून प्यायलो, शेवटी शेवटी तर पार आंबून गेली होती.

तिचं चुकत नाही खरं तर. लाल वाईन द्राक्षाच्या साली-बियांसकट आंबवतात, त्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य उतरतं, त्यानं जीभ कोरडी पडते, कडक कोऱ्या चहानं पडते तशी. पांढरीत रस आधीच पिळून घेतलेला असतो. अन् टॅनिन अन् अल्कोहोल दोन्ही तिखटाला भडकवतात, म्हणजे आपल्या रश्श्यासमोर लाल ठेवणं म्हणजे चुलीत रॉकेल.

त्यात उन्हाळा. लाल म्हणे रूम टेंपरेचरला प्यावी, म्हणजे १६-१८ डिग्री! मे महिन्यात आमच्या रूममध्ये ४० च्या खाली काही सापडत नाही. मी शहाणपणा करून बाटली कूलरच्या टाकीत बुडवली, रात्री दोन वाजता कूलरनं पाणी ओढणं सोडलं, बघतो तर लेबल सुटून पंपाच्या जाळीला चिकटलेलं. पुढचं बोलणं इथं लिहीत नाही.

मग तिला जमेल अशा वाईनचा शोध सुरू झाला, आधी पांढऱ्या. सोविन्यों ब्लाँला ती म्हणाली बैलापुढच्या हिरव्या चाऱ्याचा वास येतो (येतोच, त्यासाठीच लोक ती घेतात). नाशिकची शेनिन ब्लाँ मात्र जमली, जराशी गोडसर, फ्रिजमधून काढली की पन्ह्यासारखी उतरते, तिखटालाही सावरते. गुलाबी रोझेही चालली, तीही लालसारखी काळ्या द्राक्षांचीच, फक्त साली थोडेच तास रसात ठेवतात. हे मी तिला सांगितलं नाही.

डिसेंबरात साधं वरण-भात असलं की मी अजून एखादी लाल आणतो. ती पेला नाकाशी नेते, वास घेते अन् गुपचूप माझ्याकडं सरकवते.