आजींना अंघोळ कोण घालतं?

गावागावांत आशाताई तिशीपुढच्या माणसांची जी ‘सीबॅक’ तपासणी-सूची भरून घेतात, तिच्यात साठीपुढच्यांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. त्यांपैकी एक असा की खाणे, कपडे घालणे, अंघोळ, चालणे, शौचास जाणे अशा रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का. इतकी सगळी कामे आणि उत्तर मात्र एकच, हो किंवा नाही. कुणाला आरोग्य केंद्रात पाठवायचे हे ठरवण्यापुरते ते पुरेसे आहे. पण त्या घरात नेमकी कसली मदत लागते, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजण्यासाठी १९६३ साली मांडलेल्या निर्देशांकात अंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवण या सहा बाबी वेगवेगळ्या नोंदवल्या जातात. त्यातला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: एखादी गोष्ट जमण्यासारखी असूनही माणूस ती करत नसेल, तर ‘करत नाही’ असेच लिहायचे. आपल्याकडे मात्र प्रश्न विचारला की आजोबा सगळ्यांदेखत ‘मला काही लागत नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या पाठीला साबण लावणारी सून दाराआड गप्प उभी असते. म्हणून दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि मोरीचा उंबरा, परसातल्या शौचालयाच्या पायऱ्या, रात्रीचा उजेड हे स्वतः पाहावे. खाली बसून उठण्याचा त्रास खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाहून कळत नाही.

लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांच्या १९६९ सालच्या मापनात खरेदी, स्वयंपाक, पैशांचा हिशेब अशी बाहेरची व घरची आठ कामे आहेत. पण पुरुषांच्या बाबतीत स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे पूर्वी मोजतच नसत. जन्मात चहा न केलेले विधुर आजोबा त्या हिशेबाने पाचपैकी पाच गुण मिळवून पूर्ण स्वावलंबी ठरतात. (उपाशी राहिले तरी!)

जपानने २००० साली दीर्घकालीन काळजी विमा सुरू केला. तिथे नगरपालिकेचा माणूस घरी येऊन ७४ बाबी तपासतो, त्यावरून काळजीला किती मिनिटे लागतील याचा अंदाज संगणक काढतो, आणि मग डॉक्टरांचे मत पाहून तज्ज्ञांचे मंडळ त्या माणसाला लागणाऱ्या काळजीची श्रेणी ठरवते. तेवढी यंत्रणा आपल्याकडे नाही. पण मदत किती वेळ लागते, ती कोण करते आणि ती व्यक्ती दोन दिवस माहेरी गेली तर कोण करील, एवढे विचारायला संगणक लागत नाही.