आमची वाटचाल : अंबडच्या शेडपासून पेठच्या पाड्यापर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती मोटार स्टार्टर आणि पॅनेल बनवण्यापासून. कांदा चाळी, द्राक्षबागांचे पंप, कोल्ड स्टोरेज, सगळीकडची कामं केली. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आम्हाला खरं शिकवलं ते पेठ तालुक्यातल्या एका पाड्याने.

पावसाळ्यात तिथली लाइन तुटली की आठवडा-आठवडा अंधार. म्हणून सोलर पॅनेल, बॅटरी आणि १५ केव्हीएचे दोन इन्व्हर्टर असं स्वतंत्र मायक्रोग्रिड उभं करायचं काम आम्हाला मिळालं. बाहेरच्या लाइनशी काही संबंध नाही. उभं राहिलं, दिवे लागले. मग नागली दळायची गिरणी सुरू झाली आणि गिरणी चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, गिरणी लावली की सगळ्या पाड्याची लाइट डोळे मिचकावती."

गणित सोपं होतं, आम्हीच आधी केलं नव्हतं. ५ एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअर घेते, पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना पाच-सहापट. आमच्या एका इन्व्हर्टरची ताकद साधारण २१ अँपिअर.

माझे काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. ते सांगायचे, २१० मेगावॉटच्या संचाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे फिरतो. लोड अचानक वाढला तरी त्या फिरत्या वजनातली ऊर्जा क्षणभर तोलून धरते, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झवरून हळू घसरते आणि तेवढ्यात गव्हर्नर, म्हणजे वाफ कमी-जास्त करून वेग राखणारं यंत्र, जागा होतो. इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही. तिथे सावरण्याचं सगळं काम प्रोग्रॅमला करावं लागतं, तेही काही मिलिसेकंदांत.

ते काम ड्रूप, म्हणजे उताराचा नियम, करतो. लोड वाढला की इन्व्हर्टर स्वतःच फ्रिक्वेन्सी थोडी उतरवतो. आम्ही बिनलोडला ५० आणि पूर्ण लोडला ४९.५ ठेवली होती. शेजारच्या इन्व्हर्टरला त्यावरूनच कळतं की भार वाटून घ्यायचाय. दोघांमध्ये वेगळी तार लागत नाही. व्होल्टेजचंही तसंच, रिॲक्टिव्ह पॉवरवरून, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणाऱ्या पॉवरवरून. उतार जास्त ठेवला तर वाटणी चोख होते, पण फ्रिक्वेन्सी फार घसरते, शिवाय यंत्रणा डोलायला लागते. त्यात व्होल्टेज आणि करंट सांभाळणाऱ्या दोन लूपचे पीआय गेन, म्हणजे चूक किती जोराने सुधारायची ते ठरवणारे प्रत्येकी दोन आकडे. ड्रूपचे दोन उतार धरून सहा आकडे, आणि एक हलवला की बाकीचे बिघडतात. हाताने जुळवण्यात आमचे दोन महिने गेले.

मग हे आकडे कॉम्प्युटरकडून शोधून घ्यायला पार्टिकल स्वॉर्म वापरायचं ठरवलं. जेम्स केनेडी आणि रसेल एबरहार्ट यांनी १९९५ साली मांडलेली ही पद्धत. पक्ष्यांचा थवा दाणे शोधतो तसे ३० कण त्या सहा आकड्यांच्या रानात सोडायचे. प्रत्येक कण स्वतःची आणि थव्याची सर्वात चांगली जागा लक्षात ठेवून पुढे सरकतो. अशा ६० फेऱ्या, म्हणजे १८०० वेळा गिरणी कॉम्प्युटरवर सुरू करून बघायची. रात्री लावलं, सकाळी उत्तर हजर. आलेख इतका सुंदर की आम्ही पेढे वाटले.

पाड्यावर जाऊन ते गेन भरले, गिरणी लावली. दिवे थरथरले, एक इन्व्हर्टर ओव्हरकरंटवर ट्रिप झाला, पाठोपाठ दुसरा. सगळा पाडा अंधारात. लग्नघर होतं त्या दिवशी. ती चूक पूर्ण माझी होती.

मॉडेलमध्ये मी लाइन इंडक्टिव्ह धरली होती, म्हणजे रेझिस्टन्सपेक्षा रिॲक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) जास्त असलेली, पुस्तकात असते तशी. पाड्यावर होती ३५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) ॲल्युमिनियम केबल. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.८७ ओहमच्या आसपास, रिॲक्टन्स त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. अशा केबलवर ॲक्टिव्ह, म्हणजे खरं काम करणारी, पॉवर वाढली की मुख्यतः व्होल्टेज हलतं, त्यामुळे दोन्ही ड्रूप एकमेकांत गुंततात. थव्याने उत्तर बरोबरच शोधलं होतं, पण मी दिलेल्या, अस्तित्वात नसलेल्या पाड्यासाठी.

तेव्हापासून आम्ही केबल स्वतः मोजतो, टेप घेऊन, चालत. प्रोग्रॅममध्ये आभासी इंपीडन्स (नसलेल्या तारेचा अडथळा असल्यासारखं वागणं) घातला आणि तो सातवा आकडा म्हणून थव्याच्या हवाली केला. एकाच प्रसंगाऐवजी पाच प्रसंग तपासतो: गिरणी सुरू, गिरणी अचानक बंद, ढग आल्याने सोलर कोसळलं, बॅटरी उतरलेली, एक इन्व्हर्टर बंद. पाचांपैकी जो सर्वात वाईट, त्यावरच कणाला गुण. शुक्रवारी संध्याकाळी लावलेलं गणित सोमवारी बघतो. २०१४ सालची, लांडग्यांच्या कळपावरून घेतलेली ग्रे वुल्फ पद्धतही चालवून पाहिली. आमच्या कामात फरक नगण्य होता. पद्धत कुठली, यापेक्षा तिला नेमकं काय कमी करायला सांगितलं, यावर मी आता जास्त वेळ घालवतो.

आणि गिराइकांना एक आधीच सांगतो: मोटारीला सॉफ्ट स्टार्टर लावा, म्हणजे ती हळूहळू सुरू होते. तो खर्च वाचवून अल्गोरिदमवर भार टाकू नका. पाड्याच्या गिरणीला तो आम्ही आमच्या पैशाने बसवला.

यंदा तिथे तिसरा इन्व्हर्टर येतोय, शाळेसाठी. सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील. नवी केबल ओढ्याच्या कडेने जाणार आहे. सोमवारी आमची दोन पोरं टेप घेऊन निघतायत.