कॉलनीचं बॅडमिंटन, काकूंचा प्रश्न आणि अमी घिया

जानेवारी लागला की आमच्या मुंबईच्या कॉलनीत मंडळाच्या बॅडमिंटनची गडबड सुरू व्हायची, आधी सगळ्यांच्या स्कूटर हलवायच्या, मग चुन्याने कोर्ट आखायचं, दोन गच्च्यांवरून हॅलोजन सोडायचे, आणि एवढं करून वारा आला की फूल थेट पहिल्या मजल्याच्या छज्जावर, मग बांबू येईपर्यंत मॅच थांबलेली. काय मजा होती राव.

बक्षिसं रविवारी रात्री. त्याआधी सेक्रेटरी काकू माईक घ्यायच्या आणि दरवर्षी तोच प्रश्न, "1978 च्या एडमंटन कॉमनवेल्थला बॅडमिंटनमध्ये मेडल कोणी आणलं?" सगळी पोरं ओरडायची, प्रकाश पदुकोण! बरोबरच होतं, गोल्ड त्यांचंच. "आणि दुसरं मेडल?" सगळे गप्प.

दुसरं म्हणजे महिला डबल्सचं ब्राँझ, आपल्या मुंबईच्या अमी घिया आणि त्यांच्या जोडीला कंवल ठाकर सिंग. मग काकू पाढे म्हटल्यासारखं सांगायच्या, नॅशनलला सिंगल्स 7 वेळा, डबल्स 12 वेळा, मिक्स्ड 4 वेळा, 1976 चा अर्जुन पुरस्कार, 1982 च्या दिल्ली एशियाडला महिला टीमचं ब्राँझ आलं त्या टीममध्येही त्या. सात वेळा नॅशनल चॅम्पियन आणि त्यांच्याच शहरात पोरांना नाव माहीत नाही, हे मला आजही फार लागतं.

काकूंना का लागायचं ते नंतर कळलं. त्यांच्या लहानपणी मुलांचं खेळून झालं, उजेड गेला, की मग मुलींना कोर्ट मिळायचं. म्हणून सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मुलींची फायनल सगळ्यात शेवटी ठेवली, मुलांच्या फायनलनंतर, पूर्ण गर्दी असताना. पदर खोचून, खाली कॅनव्हासचे बूट घालून लाईन अंपायरला त्या स्वतः बसायच्या.

2010 ला दिल्लीत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पाने कॉमनवेल्थला त्याच महिला डबल्सचं गोल्ड काढलं. पुढच्या जानेवारीत काकूंनी माईक घेतला, प्रश्न अजून अर्धाच झाला होता आणि मागून सहावीतली एक पोरगी ओरडली, "अमी घिया!"

काकूंनी टेबलावरचा सगळ्यात मोठा स्टीलचा डबा उचलून तिच्या हातात दिला. तो मिक्स्डच्या रनर-अपचा होता.