लेकीची सेव्ह फाईल आणि मेमरी कार्डाचं फॉरमॅट

"बाबा, ह्यात नुसतं न्यू गेम येतंय. कंटिन्यू येतच नाहीये."

रविवारी सकाळी लेक हँडहेल्ड (जुने गेम खेळायचं हातातलं छोटं यंत्र) घेऊन समोर उभी राहिली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. पोकेमॉन फायररेड. सहा बॅजेस मिळाले होते, चारमँडर नावाच्या तिच्या पोकेमॉनचा वाढून चॅरिझार्ड झाला होता, आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी त्यातच गेली होती. आदल्या रात्री सेव्ह करता करता बॅटरी उतरली आणि स्क्रीन काळी झाली, एवढंच तिला सांगता आलं.

हा गेम आमच्या घरात आला तो माझ्या मोठ्या भावामुळे. तो न्यू जर्सीत असतो. २००४ साली फायररेड निघाला तेव्हा त्याने तिकडे गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर घेतला होता. ती कॅसेट (आम्ही भावंडं अजून कॅसेटच म्हणतो) त्याने गेल्या दिवाळीत पुतणीच्या हातावर ठेवली. मी एका छोट्या यूएसबी रीडरने ती उतरवून घेतली, १६ एमबीची एक फाईल झाली, आणि ती ह्या हँडहेल्डच्या कार्डावर टाकली. म्हणजे गेम जाण्याची भीती नव्हती. गेलं होतं ते तिचं खेळणं. आमच्या लहानपणी काँट्रा लावला की सेव्ह हा प्रकारच नव्हता, लाइट गेली की पहिल्यापासून सुरू. तिच्यासाठी मात्र त्या सेव्हमध्ये तीन आठवडे होते.

हँडहेल्डसोबत ६४ जीबीचं एक कार्ड आलं होतं, वर कोणत्याच कंपनीचं नाव नाही. ते काढून मी लॅपटॉपला लावलं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सेव्हच्या फोल्डरमध्ये फाईल होती, नाव बरोबर होतं, आकार मात्र शून्य बाइट.

इथे मी एक गोष्ट बरोबर केली आणि ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कार्डावर काहीही न लिहिता आधी डीडीरेस्क्यू नावाच्या साधनाने संपूर्ण कार्डाची प्रत लॅपटॉपवर काढली. ६४ जीबीचं कार्ड, त्यामुळे तासभर गेला. लेक दर पाच मिनिटांनी येऊन बघून जात होती. त्यानंतरचा सगळा उद्योग त्या प्रतीवर केला, कार्डाला हात लावला नाही.

कार्ड फॅट३२ होतं. फाईली कार्डावर कशा मांडायच्या ह्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात, फॅट३२ ही त्यातली एक. फॅट म्हणजे फाईल अ‍ॅलोकेशन टेबल. कार्डाचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना क्लस्टर म्हणतात, आणि कुठल्या क्लस्टरनंतर कुठला येतो ह्याची साखळी त्या टेबलात लिहिलेली असते. फाईलचं नाव, आकार आणि पहिला क्लस्टर ह्यांची नोंद मात्र वेगळ्या ठिकाणी, फोल्डरमध्ये असते. आता एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्रॅम, सेव्ह लिहितो कसा? बहुतेकदा जुनी फाईल शून्यावर आणतो आणि त्याच नावाने नव्याने लिहितो. नवे क्लस्टर घेतले गेले, टेबलात साखळी उमटली, आणि फोल्डरमधली नोंद ताजी व्हायच्या आत वीज गेली, तर काय होईल? फाईल शून्य बाइटची दिसेल आणि तिचा माल बेवारस साखळी म्हणून कार्डावर पडून राहील. फॅट३२मध्ये चालू कामाची खतावणी ठेवणारं, म्हणजे जर्नल, काही नसतं. वीज परत आल्यावर काय अर्धवट राहिलं होतं हे सांगायला कोणी नाही.

मी प्रतीवर एफएससीके हे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं साधन चालवलं, बेवारस साखळ्या फाईल म्हणून वाचवायला सांगितल्या. प्रतीच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये तीन फाईली आल्या, एफएससीके००००.आरईसी, ०००१ आणि ०००२. तिसरीचा आकार पाहिला आणि खुर्चीतून उठलो. १,३१,०७२ बाइट. फायररेडची सेव्ह नेमकी १२८ केबीची असते, आणि ह्या कार्डाचे क्लस्टर ३२ केबीचे, म्हणजे बरोब्बर चार क्लस्टर. तिचं नाव बदलून गेमच्या नावाचं केलं, दुसऱ्या कार्डावर टाकलं, हँडहेल्ड सुरू केला. स्क्रीनवर आलं की सेव्ह खराब झाली आहे, आधीची सेव्ह उघडली जाईल. आणि खाली कंटिन्यू.

चॅरिझार्ड होता. सहा बॅजेस होते. शेवटच्या सेव्हपुरतं, म्हणजे अर्ध्या तासाचं खेळणं तेवढं गेलं होतं. लेक सोफ्यावर उड्या मारत होती आणि मी मात्र त्या सूचनेचाच विचार करत राहिलो. फायररेड त्या १२८ केबीत सेव्हच्या दोन जागा ठेवतो, प्रत्येकी ५६ केबीची. एकदा इथे लिहितो, पुढच्या वेळी तिथे. नवी नीट उतरली आहे का हे तपासायला सोबत लिहिलेली बेरीज जुळली नाही तर जुनी उघडतो. शेवटचा क्लस्टर लिहायचा राहिला तेव्हा दुसरी जागा बिघडली, पहिली शाबूत राहिली. मुलं खेळता खेळता मध्येच बटण बंद करणार हे २००४च्या त्या मंडळींनी गृहीत धरलं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि अजून वाटतं.

मग प्रश्न आला की कार्डाचं काय करायचं. जुनं कार्ड बाद. नवं ६४ जीबीचं कार्ड दुकानातून आणलं आणि काहीही करण्याआधी एफ३ नावाच्या साधनाने पूर्ण भरून, पूर्ण वाचून तपासलं. खोटी कार्डं स्वतःचा आकार वाढवून सांगतात आणि खरी जागा संपली की गुपचूप जुन्यावरच लिहीत सुटतात, अशा कार्डावर कुठलीच फाइल सिस्टिम टिकत नाही. माझं खरं निघालं. लॅपटॉपवर ५९.६ दिसतं म्हणून घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ने.

फाइल सिस्टिम निवडताना जो तो आधी चार जीबीची मर्यादा सांगतो. फॅट३२वर एक फाईल चार जीबीहून मोठी होऊ शकत नाही, म्हणून एक्सफॅट ही तिच्या पुढची फाइल सिस्टिम घ्या. माझ्यापुरता हा मुद्दा दोन मिनिटांत निकालात निघाला. आमच्या हँडहेल्डवर चालणारे सगळ्यात मोठे गेम सोनीच्या पीएसपीचे, आणि पीएसपीची चकती १.८ जीबीच्या वर जातच नाही. प्लेस्टेशन एकची सीडी सातशे एमबीची. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा गेम जास्तीत जास्त ३२ एमबी. प्लेस्टेशन दोनच्या डीव्हीडी चालवणाऱ्या यंत्राला ती मर्यादा आडवी येईल, आम्हाला नाही.

जागा वाया जाण्याचं गणितही मांडून पाहिलं. विंडोज ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करताना १२८ केबीचे क्लस्टर घेतो. सुपर मारिओ ब्रदर्स ४० केबीचा आहे, तो तिथे १२८ केबी अडवतो, आणि ३२ केबीच्या क्लस्टरवर ६४. माझ्याकडे छोटे गेम आणि त्यांची मुखपृष्ठं मिळून चारेक हजार फाईली आहेत. प्रत्येकीमागे अर्धा क्लस्टर वाया धरला तर एकीकडे अडीचशे एमबी, दुसरीकडे साठ-पासष्ट. ६४ जीबीत एवढ्यासाठी डोकं शिणवू नये असं माझं मत झालं.

खरा फरक मला एक्सफॅट नीट वाचल्यावर कळला. मायक्रोसॉफ्टने ते २००६ साली फ्लॅश मेमरीसाठी आणलं, ३२ जीबीच्या वरच्या एसडीएक्ससी कार्डांचं ते अधिकृत फॉरमॅट आहे, आणि २०१९मध्ये त्याचा तपशील खुला झाल्यावर लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे गाभ्यातही, आलं. त्यातही जर्नल नाही. शिवाय फाईल सलग क्लस्टरांत बसली असेल तर एक्सफॅट टेबलात साखळी लिहीतच नाही, फक्त त्या जागा भरल्या आहेत एवढी खूण करतो. वेगासाठी ते चांगलं आहे. पण लेकीची फाईल मला सापडली ती त्या साखळीमुळे. एक्सफॅटवर नोंद हरवली असती तर कुठून कुठपर्यंत माझं, हे सांगणारं टेबलात काही नसतं. एक्सफॅटवरून मन उठलं ते तिथेच.

मग वाटलं, सरळ ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम का नको? हँडहेल्डच्या आत लिनक्सच चालतं, स्टीम डेक नावाचा हँडहेल्डसुद्धा कार्ड ईएक्सटी४मध्येच फॉरमॅट करतो. जर्नल आहे. आणि एक गोष्ट मला फार आवडली. फाईल शून्यावर आणून पुन्हा लिहिण्याची ही जी वाईट सवय प्रोग्रॅमांना असते, ती ईएक्सटी४ ओळखतो आणि फाईल बंद होताच तिचा माल कार्डाकडे रवाना करतो, सवडीने लिहू म्हणून थांबत नाही.

सगळं कार्ड ईएक्सटी४ केलं, गेम टाकले. फायररेड चालला. प्लेस्टेशनचे निम्मे गेम उघडेनात. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. सीडीच्या गेमसोबत एक क्यू फाईल असते, त्यात ट्रॅकच्या फाईलीचं नाव लिहिलेलं असतं. माझ्या क्यू फाईलींत शेवटी मोठ्या लिपीतलं बीआयएन, आणि प्रत्यक्ष फाईलीला छोट्या लिपीतलं. फॅट३२ आणि एक्सफॅट इंग्रजी मोठं-छोटं अक्षर एकच मानतात, ईएक्सटी४ ती दोन वेगळी नावं समजतो. जे गेम वर्षभर चालत होते ते एका रात्रीत 'फाईल नाही' म्हणू लागले. नावं सुधारता आली असती. पण बायकोच्या विंडोज लॅपटॉपला तेच कार्ड लावलं तर त्याने लगेच विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? त्या प्रश्नाखालचं बटण दाबायला नऊ वर्षांच्या मुलीला एक सेकंद पुरतो, आणि गेम टाकायला ती आईचाच लॅपटॉप घेते. ते कार्ड मी त्याच दिवशी परत पुसलं.

गेम आणि सेव्ह एकाच जागी असले पाहिजेत असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. तेच चुकत होतं. गेमच्या फाईली एकदा लिहायच्या आणि नंतर फक्त वाचायच्या, त्यांना जर्नलची गरज जवळजवळ नाही, आणि गेल्याच तर लॅपटॉपवर प्रत आहे. सेव्ह फाईल इवलीशी, पण सतत लिहिली जाणारी, आणि तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

आमच्या हँडहेल्डला कार्डाच्या दोन खाचा आहेत. पहिल्या कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचं मुख्य पार्टिशन, म्हणजे कार्डाचा तिच्यासाठी राखलेला भाग, मुळातच ईएक्सटी४. ते कार्ड सहसा बाहेर निघत नाही. एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्च ह्या प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीच्या मेन्यूत सेव्ह फाईलींचा पत्ता बदलता येतो, तो मी ह्या पहिल्या कार्डावर वळवला. दुसरं कार्ड गेमसाठी, फॅट३२. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय दिसतच नसे, आणि एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटरही ६४ जीबीला एक्सफॅटच करतो, म्हणून मी ते मिंटवरून केलं, ३२ केबीचे क्लस्टर सांगून. मियू मिनी ह्या हँडहेल्डवर ओनियन ही सिस्टिम चालवणाऱ्यांना तर हा विचारच करावा लागत नाही, तिथे फॅट३२च लागतं.

आणखी एक जागा हात घालायची राहिली होती. रेट्रोआर्चमध्ये सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल असं एक सेटिंग आहे. ते बंद असेल तर गेममध्ये तुम्ही कितीही वेळा सेव्ह केलं तरी ते कार्डावर उतरतं गेममधून नीट बाहेर पडाल तेव्हाच, तोवर सगळं मेमरीत. असं असेल तर कुठलीही फाइल सिस्टिम काही करू शकत नाही. मी ते दहा सेकंदांवर ठेवलं. हँडहेल्डला वाय-फाय असल्यामुळे रोज रात्री सेव्हचं फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घेणारी चार ओळींची एक स्क्रिप्टही लावली, दर तारखेचं वेगळं फोल्डर.

लेकीच्या हातात देण्याआधी मी स्वतः एक वेगळा डाव सुरू केला, सेव्ह करायचं आणि लगेच रीसेटचं बटण दाबायचं, असं वीस वेळा. दोनदा शेवटचं सेव्ह उतरलं नव्हतं, त्याच्या आधीचं उघडलं. फाईल मात्र विसाच्या वीस वेळा १,३१,०७२ बाइटची. शून्य एकदाही नाही.

भाऊ नंतर सुट्टीत आला तेव्हा त्याने त्याच्या मॅकवरून दुसऱ्या कार्डावर आणखी काही जुने गेम टाकून दिले. मॅक अशा कार्डांवर प्रत्येक फाईलीसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी फाईल सोडतो, त्यामुळे यादीत एकेक गेम दोनदा दिसायला लागला. त्या पुसून टाकल्या की झालं. कार्ड फॅट३२ असल्यामुळे ते त्याच्या मॅकवर, बायकोच्या विंडोजवर आणि माझ्या मिंटवर कुठेही न कुरकुरता उघडलं.

सातवा बॅज लेकीने काकासमोर जिंकला. जिंकल्या जिंकल्या स्टार्ट दाबून सेव्ह केलं, मग मेन्यूतून गेम बंद केला, आणि मगच हँडहेल्ड त्याच्या हातात दिला.