एरंड, टास्क आणि चकात धरलेला जॉब

नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले असतील, क्लायंट इंग्लंडातला, रोज संध्याकाळी त्याला स्टेटसचा मेल टाकायचा. एकदा बघतो तर पाच ओळीत पाच वेळा टास्क. शाळेतल्या बाई आठवल्या, तोच शब्द परत आला की लाल रेघ मारायच्या. म्हटलं बदलू. वर्डमध्ये शिफ्ट एफ सेव्हन दाबलं की समानार्थी शब्द येतात, तिथून शोधत शोधत एक दिसायला बरा वाटला तो उचलला आणि ठोकून दिलं, सर्व्हर मायग्रेशनचा एरंड पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, थँक्स, आणि येताना दूध पण घेऊन ये.

दूध कुठून आलं ते मला कळेना. मग सीनियरने सांगितलं की अरे एरंड म्हणजे चपला अडकवून बाहेर जाऊन उरकून यायचं काम, इस्त्रीचे कपडे आण, दळण टाकून ये, असलं. जुन्या इंग्रजीत म्हणे त्याचा अर्थ निरोप असा होता. निरोप गेला, दळण राहिलं. (तसंही आपल्याला एरंड म्हटलं की नाक दाबून पाजलेलं तेलच आठवतं, त्यामुळे मी तो शब्द परत वापरला नाही.)

तेव्हापासून ही खोड लागली. टास्क आणि टॅक्स हे सख्खे भाऊ निघाले, दोघंही लॅटिन टॅक्सातून आलेले, म्हणजे वरच्याने लावून दिलेलं देणं. मग त्याला कार्य का म्हणतात देव जाणे, कार्य म्हटलं की मला मांडव आणि केळवणं दिसतात. वेठ म्हणा ना सरळ, वेठ म्हणजे तरी काय, अंगमेहनतीने भरायचा करच होता की तो. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता पडलेला टास्क ज्याने बघितलाय त्याला हे पटेल.

त्याच यादीतल्या चोअरची, म्हणजे घरातल्या रोजच्या आवराआवरीची, गोष्ट वेगळी. त्याचं मूळ पाळी, फेरा अशा अर्थाच्या शब्दात आहे, इंग्लंडात धुण्यापुसण्याला येणाऱ्या बाईला चारवूमन म्हणायचे तेही त्यातलंच. म्हणजे आज केलं तरी उद्या परत पाळी आहेच. गंमत म्हणजे आम्ही प्रोग्रामर लोक कोड टाकताना लायब्ररी अपडेट केली, फालतू फाइली आवरल्या की पुढे चोअर असं लिहितो, म्हणजे ओटा पुसला असं समजायचं. ओटा पुसल्याचं अप्रेझलमध्ये कोणी विचारत नाही. असाइनमेंट सोडून देतो, ती मी कॉलेजात कायम दुसऱ्याचीच उतरवली.

पण जॉब! माझे बाबा भोसरीत लेथवर, म्हणजे लोखंड गोल फिरवत तासायच्या मशीनवर होते, छोटं वर्कशॉप, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करायचे, म्हणजे माल त्यांचा, आपण फक्त टर्निंग करून परत द्यायचं, पैसे नगावर. त्यांच्या तोंडी जॉब म्हणजे नोकरी नाहीच, जॉब म्हणजे चकात, लेथच्या फिरत्या जबड्यात धरलेला लोखंडाचा तुकडा, एमएस म्हणजे साध्या पोलादाचा नाहीतर कास्टिंग म्हणजे ओतीव. चावी फिरवून आवळायचा, टूल लागलं की वरून ते दुधासारखं पांढरं कूलंट सोडायचं, मधेच मशीन थांबवून मायक्रोमीटर लावायचा. केसाएवढं जास्त उतरलं की जॉब रिजेक्ट, तो कोपऱ्यातल्या डब्यात. सुट्टीत डबा द्यायला गेलो की ओरडायचे, हात लावू नको, जॉब गरम आहे.

मला कॅम्पसमधून जॉब लागला असं घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, कसला, एमएसचा का कास्टिंगचा?

मी तेव्हा हसलो, पण डिक्शनरीत बघाल तर त्यांचंच बरोबर आहे. सोळाव्या शतकात जॉब म्हणजे कामाचा एक तुकडा, नोकरी हा अर्थ नंतर चिकटला, आणि त्याआधी बहुतेक नुसता गोळा, ढेकूळ असा अर्थ असावा असा एक अंदाज आहे. म्हणजे हातात धरता येईल असं काहीतरी.

आता ते रिटायर झालेत. मी घरून काम करत असलो की दुपारी मागे येऊन उभे राहतात, स्क्रीनकडे बघतात. परवा विचारलं, किती जॉब निघाले आज? बोर्डावर बघितलं तर चार टास्क इन प्रोग्रेस, डन शून्य.

म्हटलं, एकही नाही हो बाबा, सगळे अजून चकातच आहेत.

मग ऊठ, म्हणाले, गिरणी बंद व्हायच्या आत दळण तरी घेऊन ये.